दोन दिवसांच्या पुण्याचं वेळापत्रक

दोन दिवसांसाठी पुण्याला येतोय, काय बघू, कुठे खाऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, सकाळी किती वाजता उठता? समोरच्याला वाटतं, ही टाळाटाळ करतेय. पण पुण्यात सगळं त्या एका उत्तरावर ठरतं. कुठे जायचं याच्या याद्या हल्ली फोनवर हव्या तेवढ्या मिळतात. त्यात नावं असतात, फोटो असतात, फक्त वेळ नसते. आणि हे गाव वेळेचं आहे. मिसळ सकाळची, बोर्डिंगमधलं ताट दुपारचं, अमृततुल्यचा चहा कधीही, मस्तानी संध्याकाळची. दुपारी एक ते चार जुन्या भागातली कितीतरी दुकानं अजूनही विसावा घेतात. हे ठाऊक नसलेला पाहुणा दुपारी तीनला मिसळीच्या दारात पोचतो, संध्याकाळी सहाला संग्रहालयाच्या, आणि पुण्यात फार काही नाही असं म्हणत परततो. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण सगळं तिथेच होतं, तासा-दोन तासांच्या अंतरावर.

गेल्या हिवाळ्यात लातूरहून आतेबहीण आणि भावोजी आले होते. दोन दिवस, एक मुक्काम. भावोजींनी गाडी आणली होती आणि गाडीतूनच सगळं दाखव असा त्यांचा आग्रह. मी ताईला म्हटलं, "ताई, गाडी सोसायटीत राहू दे. पायांत बूट घाल, बाकीचं मी बघते." जुनं पुणं म्हणजे मुठेच्या काठापासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंतचा पट्टा. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, शुक्रवार, बुधवार, सगळ्या पेठा एकमेकींना खेटून. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायला तास पुरतो. गाडीने त्याहून जास्त लागतो, आणि गाडी लावायला जागा शोधण्यात उरलेला जीव जातो. आता तर मंडईच्या खाली मेट्रोचं भुयारी स्थानकच आहे. बाहेरगावाहून येणाऱ्याने मुक्काम कुठेही करावा, पण सकाळी मेट्रोने पेठांत यावं आणि मग रात्रीपर्यंत चाक विसरावं.

पहिला दिवस मिसळीनेच सुरू करावा, आणि साडेआठच्या आत. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात बेडेकर आहेत. बोळ अरुंद, दुकान लहान, बाहेर माणसं उभी. बाहेरगावचा माणूस पहिला घास घेतो आणि म्हणतो, गोड आहे की! हो, आहे. कोल्हापूरची मिसळ झणका देते, नाशिकची काळ्या मसाल्याची असते. इथल्या रश्श्याला गुळाकडे झुकलेली चव आहे, आणि सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात. शेव-फरसाणाच्या खाली पोहे आणि बटाट्याची भाजी दडलेली असते. चमचा तळापर्यंत घालून ढवळल्याशिवाय ही मिसळ कळत नाही. वरवरचं खाऊन मत देणारे मला पटत नाहीत. भावोजी तिखट खाणारे. त्यांनी अर्धी वाटी रस्सा जास्तीचा मागितला, लिंबू पिळलं, आणि मग बराच वेळ बोललेच नाहीत. ज्यांना खरंच तिखट हवं त्यांनी तुळशीबागेतल्या श्रीकृष्णकडे जावं, किंवा फडके हौदाजवळच्या वैद्यांकडे. वैद्यांची मिसळ हिरवट रश्श्याची, मिरची-आल्याची, या तिघांत सगळ्यात वेगळी. पण एका सकाळी एकच. दोन मिसळी खाल्ल्या की दुपारचं ताट वाया जातं, आणि ताट वाया घालवणं मला चालत नाही.

तिथून शनिवारवाडा दहा-बारा मिनिटांवर. वाटेत केसरीवाडा लागतो. लोकमान्यांनी १९०५ मध्ये गायकवाडांकडून घेतलेला हा वाडा, मानाच्या पाचव्या गणपतीचं ठिकाण. आत जाऊन पाच मिनिटं उभं राहावं आणि निघावं.

शनिवारवाड्याबद्दल स्पष्ट सांगते. राजवाडा बघायला म्हणून गेलात तर निराश व्हाल. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये पाया घातला, दोन वर्षांत वास्तुशांत झाली, पुढे मजले चढत गेले. १८२८ च्या आगीत ते सगळं लाकूडकाम कित्येक दिवस जळत राहिलं. उरले ते चौथरे, तट आणि दरवाजे. आत हिरवळ आहे आणि जोत्यांचे चौकोन. पण दिल्ली दरवाजासमोर उभं राहून त्याचे खिळे बघा. माणसाच्या हाताएवढे टोकदार लोखंडी सुळे, हत्तीच्या धडकेच्या उंचीवर ठोकलेले. मग वरच्या नगारखान्यात जा. मूळचं लाकूड कसं असेल याची कल्पना तिथल्या खांबांवरून येते. आणि खाली हजारी कारंज्याच्या कमळाजवळ थांबा. या वाड्यात पाणी यायचं ते थेट कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला तिथे तलाव बांधला, आणि जमिनीखालून दगडी बांधीव नळ काढून सगळं पाणी उताराच्या जोरावर शहरात आणलं. पेठांमधले हौद त्याच नळावर भरायचे. आज सदाशिव पेठेत हौदाचं नाव घेऊन पत्ता सांगतात तेव्हा सांगणाऱ्याला पाण्याची आठवण नसते, पण पत्ता अजून पाण्याचाच आहे. वाड्यात ही एवढी गोष्ट माहीत असली की रिकामे चौथरे रिकामे वाटत नाहीत. अर्धा तास बास झाला.

लाल महाल रस्त्यापलीकडे. जिथे शिवाजी महाराज लहानाचे मोठे झाले आणि जिथे १६६३ मध्ये शाइस्तेखानाची बोटं छाटली, ती मूळ वास्तू केव्हाच गेली. आजची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली. मुलं बरोबर असतील तर जा. नसतील तर सरळ कसब्यात शिरा.

कसबा पेठ म्हणजे पुण्याचं मूळ गाव. ग्रामदैवत कसबा गणपती इथलाच, जिजाऊंच्या काळापासूनचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचा. दर्शन घेऊन लोक मागे फिरतात. मी म्हणते, पुढे चला. पुढे तांबट आळी आहे.

ती कुठे, हे विचारावं लागत नाही. आधी ठोका ऐकू येतो. पेशवाईत कोकणातून आलेले त्वष्टा कासार इथे वसले. नाणी, तोफांचे भाग, राजवाड्यातली भांडी, सगळ्यांत त्यांचा हात. आज घरं मोजकीच राहिलीत. ताईला भांड्यांची हौस, म्हणून तिला मुद्दाम नेलं. एका दारात एक काका मांडी घालून बसले होते, पुढ्यात लोखंडी ठोकळा, त्यावर तांब्याचा मोठा हंडा आडवा. डाव्या हाताने हंडा केसभर फिरवायचा, उजव्या हाताने हातोडीचा एक ठोका. परत केसभर, परत ठोका. प्रत्येक ठोक्याचा एक वाटोळा खळगा उमटतो आणि तो आधीच्या खळग्याला बरोबर चिकटून बसतो, ना वर चढतो ना फट सोडतो. याला मठारकाम म्हणतात. खळग्यांची ती चमक ही फक्त शोभा नाही. ठोकून ठोकून तांब्याचा पत्रा घट्ट होतो, म्हणून पातळ असूनही हंडा चेपत नाही.

ताईने विचारलं, "काका, रेषा आखलेली नाही, मग ओळ वाकडी कशी जात नाही?"

"बसा ताई, कान देऊन ऐका," ते म्हणाले. "ठोका चुकला की आवाज फुटका येतो. बघायचं कमी, ऐकायचं जास्त."

आम्ही बसलो. खरंच, पाच-सात मिनिटांनी मलाही एक ठोका वेगळा ऐकू आला, आणि लगेच त्यांनी हंडा किंचित मागे घेऊन तीच जागा परत ठोकली. यंत्रावर दाबून खळगे पाडलेली भांडी बाजारात स्वस्त मिळतात. एकदा हे बघितलं की ती बोटाला लगेच कळतात, कारण त्यांचे सगळे खळगे एकसारखे असतात. ताईने पाण्याचा तांब्या घेतला. घासाघीस केली नाही. मला त्याचं बरं वाटलं. पुण्यात पैसे खर्च करायची जागा शोधत असाल तर लक्ष्मी रोडच्या आधी ही आळी. आणि जा ते सकाळी दहानंतर, एकच्या आत.

कसब्यातून सोमवार पेठ लागूनच आहे, आणि तिथे नागझरीच्या काठी त्रिशुंड गणपती. पुण्यात जन्म काढलेली माणसंही इथे आलेली नसतात. १७५४ मध्ये भीमगीरजी गोसावी यांनी काम सुरू केलं, १७७० मध्ये मूर्ती बसली. पुण्याची बाकीची पेशवेकालीन देवळं साधी, चुन्याच्या शिखराची. हे मात्र काळ्या दगडाचं, आणि दर्शनी भिंत कोरीव कामाने गच्च भरलेली. द्वारपाल, माकडं, मोर, पोपट. त्यात एक पट्टा आहे. शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधताहेत, आणि त्या शिपायांचा पोशाख गोऱ्यांचा आहे. गेंडा म्हणजे बंगाल आणि आसामचा मुलूख, आणि तो इंग्रजांनी बांधला, असा त्याचा अर्थ जाणकार लावतात. प्लासीची लढाई १७५७ ची. म्हणजे पुण्यात मराठी सत्ता जोमात असताना, एका गल्लीतल्या देवळावर कोणीतरी ही बातमी दगडात कोरून ठेवली. त्यापुढे उभं राहिलं की अंगावर काटा येतो. आतला गणपती मोरावर बसलेला आणि तीन सोंडांचा. खाली तळघर आहे, गोसाव्यांच्या समाधीचं. तिथे पाणी साठतं, आणि गुरुपौर्णिमेला ते उपसून कोरडं करून लोकांसाठी उघडतात. मला शहरातलं एकच ठिकाण निवडायला सांगितलं तर शनिवारवाडा सोडून मी हे निवडेन.

एव्हाना साडेबारा वाजलेले असतात आणि मिसळ पूर्ण जिरलेली असते. आता ताट.

पुण्यातली जुनी बोर्डिंगं विद्यार्थ्यांसाठी आणि एकट्या नोकरदारांसाठी निघाली. बाहेरगावचा मुलगा शिकायला यायचा, खोली भाड्याने घ्यायचा आणि महिन्याचं ताट लावायचा. पेरुगेटजवळचं पूना बोर्डिंग हाऊस आणि टिळक रोडवरची बादशाही ही त्याच चालीची ठिकाणं. नाव सांगा, नंबर घ्या, बाहेर बाकावर थांबा. आत गेलात की फार निवड करायची नसते. दोन भाज्या, एक उसळ, आमटी, कोशिंबीर, चटणी, पोळ्या, भात, ताक. अळूचं फदफदं असेल त्या दिवशी नशीब चांगलं. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, मुळ्याच्या चकत्या, आणि आंबट-गोडाचा तो तोल! हॉटेलच्या नावाखाली जे तेलकट लाल मिळतं त्याची सवय झालेल्यांना सुरुवातीला हे जेवण फिकं वाटतं. दुसऱ्या वाढीला मत बदलतं. वाढणारे काका ताईला म्हणाले, "अजून एक पोळी घ्या, चालायचंय तुम्हाला," आणि त्यांनी ती वाढूनच टाकली.

आणि पुण्याचं जेवण म्हणजे वरणभातच, हा समज तेवढ्याच परिसरात मोडता येतो. त्याच सदाशिव पेठेत आवारे यांच्याकडे मटणाचं ताट मिळतं, भाकरी, अळणी आणि तांबड्या रश्श्यासकट. त्याच्या दारातही तशीच रांग असते. पेठांमध्ये मराठ्यांच्या तालमी होत्या, माळ्यांचे मळे होते, कारागिरांच्या आळ्या होत्या. त्यांच्या चुलीही पुण्याच्याच आहेत. एका दुपारी एकच ताट पोटात मावतं म्हणून, दोन दिवस असतील तर एक दुपार इथली, एक तिथली.

जेवणानंतरचे तीन तास बाजारात घालवू नका. ही वेळ राजा केळकर संग्रहालयाची. बाजीराव रोडवरून आत वळलं की एक जुन्या वळणाची इमारत. डॉ. दिनकर केळकर चष्म्यांच्या दुकानाचे मालक, आणि कवी. अज्ञातवासी या नावाने लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पुढे त्यांचा लहान मुलगा राजा गेला. संग्रहाला त्याचं नाव दिलं, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. गावोगाव हिंडून, पदरचं घालून, मोडीत निघालेलं सामान घरी आणणाऱ्या एका माणसाचं हे काम आहे. वीस हजारांच्या वर वस्तू, आणि मांडलेल्या असतात त्यातल्या थोड्याच.

तलवारी आणि चित्रं इतरत्रही बघायला मिळतात. इथे बघायचं ते स्वयंपाकघर. शेवेचे सोरे, नारळ खवणायच्या खवण्या, विळ्या, पळ्या, पितळी डबे. सुपारी फोडायचा अडकित्ता ही किती साधी वस्तू, पण कोणी त्याला घोडा केलाय, कोणी राघू-मैना, कोणी जोडपं. दोन पाती मिटली की ते जोडपं जवळ येतं. टाचा घासायच्या वज्र्यांवर पक्षी बसवलेत, काहींच्या आत घुंगरू. विंचवाच्या आकाराचं एक कुलूप आहे. दिव्यांचं दालन तर वेगळंच. ताई एका खवणीपुढे थबकली. तशीच आमच्या आजीकडे होती, पात्याच्या टोकाशी फुलाचा आकार. आजी गेल्यावर ती कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. घरोघरी असंच झालं. स्टील आलं, पितळ मोडीत गेलं, आणि ज्या हातांनी त्या वस्तू वापरल्या त्यांनी त्या कधी कला म्हणून पाहिल्या नाहीत. केळकरांनी पाहिल्या. रोजच्या वापराच्या वस्तूला जीव लावून घडवणारी माणसं आपल्यात होती, याचा एवढा भरभक्कम पुरावा महाराष्ट्रात दुसरीकडे मी पाहिलेला नाही. आत कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महालही आहे. दोन तास द्या. पाय दुखले तर मधल्या बाकांवर बसा, पण मजले सगळे करा.

साडेचार-पाचला बाहेर पडलं की शहर नव्याने उठलेलं असतं. आता चहा. अमृततुल्य हे राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात रुजवलेलं प्रकरण. चकचकीत पितळी पातेलं, मागे मांडी घालून बसलेला मालक, खलबत्त्यात ठेचलेलं आलं-वेलदोडा, फडक्यातून गाळलेला दाट चहा. सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य सगळ्यात जुन्यांपैकी. अलीकडे याच नावाच्या झगमगीत दुकानांची साखळी सगळीकडे पसरलीय, त्यांच्याकडचा चहा यंत्रातून येतो. पातेलं समोर दिसत असेल तिथेच प्या.

मग तुळशीबाग. बायका खरेदीला येतात हे सगळ्यांना माहीत असतं. आत मधोमध राममंदिर आहे हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. पेशव्यांचे सरसुभेदार नारो अप्पाजी खिरे यांनी ते बांधलं. कानातल्यांच्या आणि पिनांच्या गर्दीतून कमानीत शिरलात की एकदम चौक, लाकडी सभामंडप, उंच शिखर. तिथल्या दुकानांत पितळेची भातुकली मिळते. इवलासा बंब, इवलं जातं, इवली चूल. ताईने नातीसाठी घेतली. लगतच विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाचा. शनिवारवाड्यातलं जळून गेलेलं लाकूडकाम कसं असेल ते बघायचं तर याच्या सज्जाखालचे खांब बघा, सुरूच्या झाडासारखे निमुळते, वर केळफुलं. आत जायला मिळालं तर उत्तम, नाही तर रस्त्यावरूनही ते नीट दिसतात.

दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला सगळेच जातात, त्याबद्दल मी काही वेगळं सांगायला नको. पण त्याच्या समोरच्या जागेकडे वळून बघा. तिथे भिडेवाडा होता. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती तिथे. वर्षानुवर्षं मोडकळीला आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, आता त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हायचंय. मी शाळेत शिकले, कॉलेजात शिकले, नोकरी केली. ताईही बारावीनंतर डी.एड. करून शिक्षिका झाली. आम्ही दोघी त्या पत्र्यांच्या कुंपणाजवळ उभ्या राहिलो, तेव्हा मागून गणपतीच्या आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या. ताईने पत्र्याला हात लावून नमस्कार केला. पुण्यात येणाऱ्या प्रत्येक मुलीला, बाईला कोणीतरी ही जागा दाखवावी असं मला फार मनापासून वाटतं. वेळ असेल तर गंज पेठेतला फुल्यांचा वाडाही बघा. साधा, नीटनेटका, अंगणात विहीर. अस्पृश्यांसाठी खुली केलेली ती पाण्याची जागा बघायलाच हवी.

रात्रीचं जेवण हलकं ठेवा, कारण मस्तानी जेवणाइतकीच भरते. दाट दूध, त्यावर आइस्क्रीमचा गोळा, वर सुकामेवा, उंच ग्लासात. ही प्यायची आणि खायचीही. सुजाता निंबाळकर तालमीजवळ, बुधवारात गुजर, तुळशीबागेजवळ कावरे. प्रत्येकाचं घराणं ठरलेलं असतं. आमचं सुजाता, आणि आंब्याची. हिवाळ्यातही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पर्वती. एकशेतीन पायऱ्या, पण रुंद आणि बुटक्या, हत्ती-घोडे चढतील अशा. वयस्कर माणसंही थांबत थांबत सहज चढतात. नानासाहेबांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं देऊळ वर आहे. पानिपतानंतर काही महिन्यांतच, १७६१ मध्ये, त्यांनी प्राण सोडला तोही इथेच. तटावरून खाली सगळं शहर दिसतं, आणि आदल्या दिवशी चाललेले रस्ते बोट दाखवून ओळखता येतात. रोज चढणाऱ्या मंडळींची वर आपापली जागा ठरलेली असते. त्यातल्या एका आजोबांनी भावोजींना कात्रजचा डोंगर, सिंहगड, चतुःशृंगी, सगळं क्रमाने दाखवलं, न विचारता.

उतरून मंडईत. मंडई सकाळीच बघावी. १८८६ मध्ये सुरू झालेली, तेव्हाचं नाव रे मार्केट, गव्हर्नरच्या नावाने. या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला नगरपालिकेचे सदस्य म्हणून जोतिराव फुल्यांनी विरोध केला होता. शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं. आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. मधला अष्टकोनी मनोरा, त्याच्या भोवती पसरलेल्या दगडी पाखा, उंच गाळ्यांवर बसलेल्या मावश्या. काही घ्यायचं नसलं तरी एक फेरी मारा. हिवाळ्यात हरभऱ्याच्या जुड्या, ओली हळद, चिवळ, बोरं. मावशी हाक मारतात, "या ताई, बघून तर जा!" आणि खरंच बघू देतात.

न्याहारी डेक्कनला. गुडलकमध्ये बनमस्का आणि इराणी चहा, नाही तर फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली. दोन्ही चांगली, दोन्हीकडे गर्दी, यावर मी पुढे बोलत नाही. जवळच जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर आहे. आठव्या शतकाच्या सुमाराचं, एका खडकात कोरलेलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. समोर नंदीचा गोल मंडप, छत्रीसारखा. पुणं पेशव्यांच्या हजार वर्षं आधीपासून वस्तीचं गाव होतं, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

दुपार कॅम्पात. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं, आणि शहराच्या पूर्वेला लष्कराची वस्ती वाढत गेली. पारशी, इराणी, बोहरी, ज्यू, गोव्याची मंडळी, सगळे तिथे स्थिरावले. रस्ते रुंद, झाडं मोठी, चवी वेगळ्या. १८६७ चं ज्यूंचं लाल देऊळ बाहेरून बघा. दोराबजींकडे धानसाक खा, १८७८ पासूनचं दुकान आहे. कयानीची श्रूसबेरी बिस्किटं न्यायची असतील तर लक्षात ठेवा, बेकरी दुपारी मिटते आणि रविवारी बंद असते. तेव्हा आधी बेकरी, मग जेवण. शनिवार-रविवार येणाऱ्यांनी दोन दिवसांचा क्रम सरळ उलटा करावा, कॅम्प शनिवारी.

आगाखान पॅलेस नगर रस्त्यावर, कॅम्पातून रिक्षाने जवळ. १९४२ ते १९४४ गांधीजींना इथे स्थानबद्ध ठेवलं होतं. महादेवभाई देसाई इथे आल्यावर आठवड्याभरातच गेले, १५ ऑगस्ट १९४२ ला. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला शेजारी शेजारी आहेत. पर्यटक महालाच्या पुढच्या कमानींपाशी फोटो काढून निघतात, मागे जातच नाहीत. तुम्ही मागे जा.

सिंहगड मी या दोन दिवसांत बसवत नाही. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही यासाठी, तानाजीच्या कड्यासाठी, गडाला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. धावत जाऊन गाडीतळावरून परत येण्यात अर्थ नाही.

राहिली बाकरवडी. चितळ्यांची दुकानं आता शहरभर आहेत, स्टेशनकडे जाताना कुठेही घेता येते, त्यासाठी लक्ष्मी रोडला परत जायची गरज नाही. एक पाकीट घरी न्यायला आणि एक वेगळं, गाडीत फोडायला घ्या. ताईने दोन्ही घेतली. दोघं सोलापूर रस्त्याने लातूरला परतणार होते, भावोजी गाडी चालवणार होते, आणि इंदापूरच्या आसपास ताईचा फोन आला की दुसरं पाकीटही फोडलंय, आता पुढच्या वेळी चार घेऊ, आणि पुढच्या वेळी तीन दिवस काढू, गडाचा एक धरून.